एकाच घराण्याच्या दोन पात्या: फिल्म आणि डिजिटल छायाचित्रण

माळव्यातील देवास या गावाने दोन शतके एक विलक्षण व्यवस्था अनुभवली. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंनी तेथे मराठी सत्ता स्थापन केली आणि पुढे त्यांच्या वंशजांची दोन स्वतंत्र संस्थाने त्याच एका गावात शेजारी शेजारी नांदली. थोरल्या भावाची ती थोरली पाती आणि धाकट्याची ती धाकटी पाती. गाव एक, टेकडी एक, टेकडीवरची देवीही एकच. पण राजे दोन, राजवाडे दोन आणि दरबारही दोन. १९४८ मध्ये ही दोन्ही संस्थाने मध्य भारत राज्यात विलीन झाली, तेव्हा ही दुहेरी व्यवस्था संपली.

छायाचित्रणाच्या क्षेत्रात आज काहीशी तशीच स्थिती आहे. फिल्म ही थोरली पाती आणि डिजिटल ही धाकटी. धाकट्या पातीने जवळजवळ सगळा कारभार हाती घेतला आहे. वृत्तपत्राचे छायाचित्र, लग्नाचा अल्बम, पारपत्रावरील फोटो, भ्रमणध्वनीवरचे रोजचे चित्रण हे सारे तिच्याच अखत्यारीत आले. तरीही थोरली पाती नामशेष झालेली नाही. २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीसाठी अर्ज करणाऱ्या कोडॅक कंपनीने बंद केलेली एक्टाक्रोम ही रंगीत पारदर्शिका-फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आणली. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा विक्रीस काढला. हातात उत्तम डिजिटल साधन असताना तरुण मुले जुने कॅमेरे शोधू लागली आहेत, ही गोष्ट गोव्यातही दिसते.

हा केवळ गतकाळाचा मोह आहे काय? काही अंशी आहेच. परंतु फिल्म शिकण्यात त्यापलीकडचे एक कारण आहे, आणि ते समजून घ्यायला धार जिल्ह्यातील दोन वस्तू फार उपयोगी पडतात.

संगमरवर आणि लोखंड

धारपासून सुमारे ३५ किलोमीटरवर मांडू आहे. तेथील होशंगशहाची कबर पंधराव्या शतकातील असून ती पांढऱ्याशुभ्र संगमरवराची आहे. शहाजहानच्या दरबारातील स्थापत्यकार ती पाहण्यास आले होते, याची नोंद करणारा १६५९ चा शिलालेख तेथे आहे. दुसरी वस्तू खुद्द धार शहरातली. लाट मशिदीच्या आवारात एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. अखंड असताना हा स्तंभ तेरा मीटरांहून अधिक लांब होता, म्हणजे दिल्लीच्या प्रसिद्ध लोहस्तंभाच्या जवळजवळ दुप्पट. त्याचा रंग काळपट तपकिरी आहे.

आता समजा, एकाच दिवशी निरभ्र उन्हात या दोन्ही वस्तूंची छायाचित्रे घेतली. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक संगमरवराकडे पाहतो आणि उजेड फार आहे असे समजून प्रकाश कमी घेण्यास सांगतो. परिणामी पांढरी कबर राखाडी उतरते. तोच मापक लोखंडाकडे पाहतो आणि अंधार आहे असे समजून प्रकाश जास्त घेण्यास सांगतो. परिणामी काळा स्तंभही राखाडी उतरतो. यात मापक बिघडलेला नसतो. समोर येणारी प्रत्येक वस्तू मध्यम करड्या रंगाची आहे, एवढ्या एका गृहीतावर तो काम करतो. वस्तूवर पडणारा प्रकाश त्याला कळत नाही. वस्तूवरून परत फिरलेला प्रकाश तेवढा कळतो.

प्रत्यक्षात सूर्य दोघांवर सारखाच तळपत असतो. म्हणून जुन्या छायाचित्रकारांनी एक साधा नियम बांधला होता. स्वच्छ उन्हात छिद्र एफ/१६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओ आकड्याइतका घ्यावा. फिल्म आयएसओ १०० असेल तर सुमारे १/१२५ सेकंद, ४०० असेल तर सुमारे १/५०० सेकंद. हा हिशेब संगमरवराला लागू पडतो आणि लोखंडालाही, कारण तो वस्तूचा रंग न पाहता तिच्यावरचे ऊन मोजतो. या हिशेबाने पांढरे पांढरे राहते आणि काळे काळे. आकाशात विरळ ढग आले की छिद्र एक पायरी उघडायचे, सावली असेल तर आणखी तीन-चार पायऱ्या. महिनाभराच्या सरावात हे गणित डोळ्यांत मुरते.

हाच प्रयोग गोमंतकीय वाचकाला घराजवळ करता येईल. पणजीच्या चर्चची चुनेगच्ची पांढरी दर्शनी भिंत किंवा मंगेशीची दीपमाळ हा आपला संगमरवर. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिराचा काळा बेसाल्ट हे आपले लोखंड. ढगाळ आकाश आणि गर्द झाडी यांमुळे तांबडी सुर्ल्यात मापक अधिकच गोंधळतो, एवढाच फरक.

डिजिटल कॅमेऱ्यावर हीच चूक घडते. पण ती तत्क्षणी पडद्यावर दिसते आणि बोटाच्या एका हालचालीने सुधारता येते. सोय मोठी आहे. मात्र चूक इतक्या सहज दुरुस्त होते की ती का झाली हा प्रश्न पडतच नाही. फिल्मवर ३६ चित्रे मिळतात आणि निकाल काही दिवसांनी हाती येतो. त्यामुळे शटर दाबण्यापूर्वी उजेड कोठून येतो, सावलीत काय दडले आहे, कोणता भाग गमावला तर चालेल, हे ठरवावे लागते. फिल्मची खरी शिकवण हीच आहे. डिजिटल साधन निर्णय पुढे ढकलू देते, फिल्म तो आधी घ्यायला लावते.

इंदूरच्या कचेरीतला विद्यार्थी

या भूमीवर छायाचित्रण शिकण्याची परंपरा बरीच जुनी आहे. १८६१-६२ मध्ये जेम्स वॉटरहाउस या तरुण लष्करी अधिकाऱ्याने मध्य भारतातील संस्थानांचा दौरा करून तेथील लोकांची छायाचित्रे घेतली. त्या काळची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडिअनचा थर द्यायचा, ती चांदीच्या द्रावणात बुडवायची आणि थर वाळण्यापूर्वी, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, चित्र घेऊन ते धुवायचे. माळव्याच्या उन्हाळ्यात ईथर झपाट्याने उडून जात असे. अंधारखोलीचा तंबू आणि रसायनांच्या पेट्या बरोबर वाहून न्याव्या लागत. शिवाय त्या काचेला प्रामुख्याने निळाच प्रकाश कळे. आकाश कोरे पांढरे उमटे आणि तांबडी पगडी काळी. पुढे कलकत्त्यात सर्वेक्षण खात्यात काम करताना याच वॉटरहाउस यांनी इओसिन या रंगद्रव्याचा उपयोग करून काचेची रंगसंवेदना वाढविण्याचे महत्त्वाचे संशोधन केले.

त्यानंतरचे नाव लाला दीनदयाळ यांचे. रुडकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात आराखडे आणि अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. नोकरी सांभाळून त्यांनी १८७० च्या दशकात छायाचित्रणाचा अभ्यास केला. मध्य भारतातील ब्रिटिश प्रतिनिधी सर हेन्री डॅली यांचे प्रोत्साहन त्यांना मिळाले. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दौरा करून त्यांनी घेतलेली स्मारकांची छायाचित्रे ‘फेमस मॉन्युमेंट्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या १८८६ च्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला, तेव्हापासून ते राजा दीनदयाळ या नावाने ओळखले जाऊ लागले.

मराठी वाचकाला आणखी एक नाव सहज आठवेल. दादासाहेब फाळके यांनी बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकून घेतले आणि १८९० च्या दशकात गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला. धारच्या पश्चिमेस झाबुआ आणि दाहोद ओलांडले की गोध्रा येते. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) घडविणाऱ्या या माणसाचा पहिला गुरू स्थिर चित्राचा कॅमेराच होता.

या तिघांमध्ये एक समान धागा आहे. त्यांना प्रत्येक चित्राची किंमत वेळ, रसायन आणि श्रम या रूपांत मोजावी लागली आणि त्यामुळे चित्र घेण्यापूर्वी पाहण्याची सवय लागली. आजच्या शिकाऊ व्यक्तीला ओल्या काचेचे कष्ट घेण्याची गरज नाही. फिल्मचा एक रोल त्या शिस्तीचा पुरेसा अंश देतो.

न दिसणारी प्रतिमा

फिल्मवर चित्र उमटते तरी कसे? पारदर्शक पट्टीवर जिलेटीनचा पातळ थर असतो आणि त्यात चांदीच्या संयुगाचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. प्रकाश पडलेल्या स्फटिकांत अगदी अल्प बदल होतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण प्रतिमा तेथे असते. तिला सुप्त प्रतिमा म्हणतात. डेव्हलपर हे रसायन नेमके तेच स्फटिक निवडून त्यांचे काळ्या धातुरूप चांदीत रूपांतर करते.

ही कल्पना अवघड वाटत असेल तर धार जिल्ह्यातील बाग या गावाकडे पाहावे. तेथील ठशांची छपाई देशभर प्रसिद्ध आहे. कारागीर हिरड्याच्या पाण्यातून काढलेल्या कापडावर तुरटीच्या लेपाचे ठसे उठवतो, तेव्हा नक्षी फिकट दिसते. पुढे ते कापड अलिझरीन आणि धावडीच्या फुलांच्या पाण्यात तांब्याच्या मोठ्या कढईत उकळले जाते आणि जेथे तुरटी लागली होती तेथेच गडद लाल रंग धरतो. इतरत्र तो टिकत नाही. दोन्ही ठिकाणचे रसायनशास्त्र निराळे आहे, पण तत्त्व तेच: खूण आधी उमटते, रंग नंतर येतो. आणि दोन्हीकडे पाण्याचा गुण, उष्णता आणि वेळ यांवर काम अवलंबून असते.

कृष्णधवल रोल घरी धुणे वाटते तितके कठीण नाही. संपूर्ण अंधारात किंवा हात घालण्याच्या बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत फिल्म रिळावर गुंडाळून बंद टाकीत ठेवायची. त्यानंतरची कामे उजेडात होतात. प्रथम डेव्हलपर, मग त्याची क्रिया थांबविणारे सौम्य आम्ल, नंतर हायपो आणि शेवटी भरपूर पाणी. प्रकाश न लागलेली चांदी हायपोत विरघळून जाते. या रसायनाचा तो गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदविला होता. छायाचित्रणासाठी त्याचा उपयोग १८३९ मध्ये झाला.

आपल्याकडे खरी अडचण असते ती तापमानाची. बहुतेक वेळापत्रके २० अंश सेल्सिअसला धरून केलेली असतात. माळव्यातील मे महिना असो की गोव्यातील कोणताही महिना, नळाचे पाणी त्याहून गरम असते. बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवून तापमान २४ अंशांपर्यंत आणावे आणि त्यानुसार वेळ कमी करावी, हा व्यवहार्य मार्ग. मात्र डेव्हलपिंगची वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नये; प्रतिमा सगळीकडे सारखी उमटत नाही. शेवटची धुलाई शुद्ध केलेल्या पाण्याने करावी, नाहीतर बोअरच्या जड पाण्याचे डाग वाळलेल्या फिल्मवर कायम राहतात. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो विहिरीजवळ किंवा परसात ओतू नये. बाटलीत साठवून योग्य विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्यावा.

टेकडीवरची पहाट

फिल्म आणि डिजिटल यांच्या स्वभावांतील फरक समजला की कोणते साधन कोठे वापरावे हा वाद आपोआप मिटतो. त्यासाठी पुन्हा देवासला जाऊ. चामुंडा देवीची टेकडी गावाच्या मधोमध उभी आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२-१३ मध्ये येथे पाहुणा म्हणून आला आणि १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचा खासगी सचिव म्हणून राहिला. त्याच्या १९५३ मधील ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकाचे नाव याच टेकडीवरून आले आहे. याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांनी आयुष्याचा मोठा काळ व्यतीत केला.

पहाटेच्या अंधुक उजेडात टेकडीवरून गावाचे चित्र घ्यायचे आहे असे समजा. मापक दहा सेकंद सांगतो. डिजिटल कॅमेऱ्याला दहा सेकंद पुरतात. फिल्मला पुरत नाहीत, कारण मंद प्रकाशात तिची संवेदना वेळेच्या प्रमाणात वाढत नाही. इल्फर्डच्या एचपी५ या फिल्मला त्या ठिकाणी सुमारे वीस सेकंद द्यावे लागतात. रात्रीच्या देवळात, गाण्याच्या मैफलीत किंवा शिमग्याच्या मिरवणुकीत डिजिटल निर्विवादपणे सरस ठरते. ज्या वार्ताहराला तासाभरात छायाचित्र पाठवायचे आहे, त्याने फिल्मचा हट्ट धरणे अनाठायी होय.

उलट स्थिती भर दुपारी येते. मांडूच्या जहाज महालाच्या कमानीआडून बाहेरचे लख्ख ऊन टिपताना डिजिटल सेन्सरवर अतिप्रकाशित भाग एकदम कोरा होतो आणि तेथील तपशील पुन्हा मिळत नाही. निगेटिव्ह फिल्म अशा वेळी हळूहळू हार मानते. एक-दोन पायऱ्या जादा प्रकाश तिला सहज पचतो. तिचे दुखणे सावलीत असते. पुरेसा प्रकाश मिळाला नाही तर तेथे काहीच उमटत नाही. म्हणून निगेटिव्हवर सावली सांभाळावी आणि डिजिटलवर उजेड सांभाळावा, असा सरळ नियम होतो. पारदर्शिका-फिल्म मात्र या बाबतीत डिजिटलच्या पंगतीला बसते.

शिकणाऱ्याने दोन्ही कॅमेरे बरोबर ठेवावेत, हे सर्वांत शहाणपणाचे. एकाच जागी, एकाच छिद्राने आणि एकाच वेगाने दोन्हींवर चित्र घ्यावे. डिजिटल चित्र तत्काळ सांगते की अंदाज कितपत बरोबर होता. फिल्म आठवड्याने सांगते की तो आपण नीट समजून घेतला होता की नाही. भ्रमणध्वनीवरील प्रकाशमापकाचे साधनही सुरुवातीस चालते. प्रत्येक चित्रासाठी वहीत चारच गोष्टी लिहाव्यात: छिद्र, वेग, उजेड कसा होता आणि आपण काय ठरवून शटर दाबले. ही वही हेच खरे पाठ्यपुस्तक. डिजिटल कॅमेरा हे आकडे स्वतःच नोंदवतो, मात्र चौथी गोष्ट तोही नोंदवू शकत नाही.

पहिला कॅमेरा, पहिला रोल

पूर्वी आपल्या घरांत आग्फाचा क्लिक थ्री हा साधा पेटी-कॅमेरा असे. उटी येथे १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची ‘इंदू’ फिल्म गावोगावच्या स्टुडिओंत मिळत असे. तो कारखाना आता बंद झाला आहे. आज मिळणारी फिल्म आयात केलेली असते आणि एका रोलला कित्येक शे रुपये पडतात. धुणे आणि स्कॅनिंग यांचा खर्च निराळा. धुऊन देणाऱ्या प्रयोगशाळा मोजक्याच शहरांत उरल्याने रोल बहुधा टपालाने पाठवावा लागतो. हा छंद स्वस्त नाही, हे आधीच सांगितलेले बरे. खर्चाची मर्यादा असेल त्याने कृष्णधवल फिल्म घेऊन ती घरी धुण्यास शिकावे. गोव्यात गोवा सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह फोटोग्राफीसारख्या उपक्रमाने फिल्म आणि जुन्या मुद्रणपद्धतींचे शिक्षण दिलेले आहे, हे येथे नमूद करण्याजोगे.

जुना कॅमेरा घेताना चार गोष्टी तपासाव्यात. मागचे झाकण उघडून निरनिराळ्या वेगांवर शटर चालवून पाहावे. एक सेकंद आणि १/३० सेकंद यांतला फरक कानालाही कळला पाहिजे. भिंग विजेरीच्या उजेडात तिरपे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी होय. झाकणाच्या कडेचा फोम चिकट होऊन गळत असेल तर आत उजेड शिरतो. चौथी गोष्ट बॅटरीची. अनेक जुन्या कॅमेऱ्यांचे मापक १.३५ व्होल्टच्या पारायुक्त सेलसाठी बनविलेले आहेत. ते सेल आता मिळत नाहीत आणि १.५ व्होल्टचा सेल घातल्यास मापक चुकीचे आकडे दाखवू शकतो.

बुरशीच्या बाबतीत गोव्याचे हवामान माळव्यापेक्षा कितीतरी कठोर. कॅमेरा चामड्याच्या पिशवीत ठेवण्याची जुनी सवय येथे घातक ठरते, कारण चामडे ओल धरून ठेवते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा आणि पावसाळ्यात पुड्या वरचेवर तापवून कोरड्या कराव्यात. न वापरलेली फिल्म शीतकपाटात ठेवावी, पण वापरण्यापूर्वी दोन-तीन तास बाहेर काढून ठेवावी. थंड डबी एकदम उघडल्यास फिल्मवर दव धरते.

मांडूची सहल पावसाळ्यात करणाऱ्यांसाठी दोन सूचना. विमानतळावर सीटी पद्धतीच्या नव्या तपासणी यंत्रातून गेल्यास फिल्म खराब होऊ शकते, म्हणून ती हाताने तपासण्याची विनंती करावी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिपाई वापरायची असेल तर परवानगी घ्यावी लागते.

पेट्यांतील निगेटिव्ह

फिल्म शिकण्याचे आणखी एक प्रयोजन आहे, आणि ते नवे चित्र घेणाऱ्यापुरते मर्यादित नाही. धार, देवास, इंदूर येथील मराठी घरांत, तसेच गोव्यातील जुन्या वाड्यांत आणि बंद पडलेल्या स्टुडिओंत निगेटिव्हच्या पेट्या पडून आहेत. त्या काय आहेत हे ओळखणारी पिढी झपाट्याने कमी होत आहे. राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या, म्हणून त्या वाचल्या. सर्वच संग्रहांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ (१९३१) याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. फिल्म टिकाऊ आहे हे खरे, पण ती सांभाळली तरच.

निगेटिव्हचा मोठा गुण हा की ती वाचायला यंत्र लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीची काच खिडकीच्या उजेडात धरली की चेहरा दिसतो. डिजिटल फाइल वाचायला मात्र चालू स्थितीतली तबकडी, योग्य आज्ञावली आणि कोणाला तरी ठाऊक असलेला संकेतशब्द लागतो. दुसऱ्या बाजूने, डिजिटल प्रतीची हुबेहूब प्रत क्षणात करता येते आणि ती दहा ठिकाणी ठेवता येते. निगेटिव्ह एकच असते. या ठिकाणी दोन्ही पात्यांना एकमेकींची गरज लागते.

जुन्या निगेटिव्हचे जतन डिजिटल कॅमेऱ्यानेच उत्तम होते. सपाट पांढरा प्रकाशफलक, जवळचे चित्र घेणारे मॅक्रो भिंग आणि कॅमेरा पक्का धरणारा स्टँड एवढे साहित्य पुरेसे आहे. निगेटिव्ह प्रकाशफलकावर ठेवून तिचे रॉ स्वरूपात छायाचित्र घ्यायचे आणि संगणकावर काळ्याचे पांढरे, पांढऱ्याचे काळे करायचे. जी बाजू मंद, चमक नसलेली, ती रसायनाच्या थराची; तिला बोट लावू नये. काचेची पट्टी कडेने धरावी आणि घरच्या घरी पाण्याने धुण्याचा प्रयत्न करू नये. प्लास्टिकच्या साध्या पाकिटांऐवजी आम्लरहित कागदाची किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटे वापरावीत. पेटी उघडताच सिरक्याचा वास आला तर ती फिल्म कुजू लागली आहे असे समजावे, ती इतरांपासून ताबडतोब वेगळी करावी आणि तिचे चित्र सर्वांत आधी घ्यावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही असते. तिची शंका आल्यास जाणकाराला दाखवावी. तयार झालेल्या फाइलच्या किमान तीन प्रती कराव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवावी.

या सगळ्या कामात एक गोष्ट कोणताच कॅमेरा करू शकत नाही. छायाचित्रातली माणसे कोण, गाव कोणते, साल कोणते, हे फक्त माणसालाच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक पाकिटावर शिसपेन्सिलीने नावे लिहून घ्यावीत, आणि हे काम घरातली वडीलधारी मंडळी ओळख सांगू शकतात तोवर करावे. स्कॅनिंग पुढच्या वर्षी झाले तरी चालेल.